पोट भरलं हे मला नाकानं सांगितलं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी मी चार महिने वाचत होतो. चिरा किती पडतात, टाके कसले घालतात, किती दिवसांनी जिना चढता येतो, सगळं तोंडपाठ झालं होतं. जेवताना थांबायचं कधी, याबद्दल मात्र सगळीकडे एकच ओळ होती: ‘पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा.’ ती वाचून मी निर्धास्त झालो. आपलं पोट भरलेलं कळत नाही, असा माणूस कुठे असतो का?

असतो. ते कळायला मला ऑपरेशननंतर ३३ दिवस आणि बेसिनसमोरची चाळीस मिनिटं लागली. आता चौदा महिने झालेत. त्या रात्री हाताशी असा एखादा लेख असता तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

सुरुवातीचं वजन १२४ किलो, उंची १७४ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४१. सोबत सहा वर्षांचा मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. ऑपरेशन कोणाचं करावं याचे निकष १९९१ साली ठरले होते: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि जोडीला एखादा गंभीर आजार. २०२२ मध्ये ते सैल झाले. आता ३५ च्या वर सरसकट शिफारस आहे आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी विचार २७.५ पासूनच होतो. विमावाल्यांचा फॉर्म मात्र अजून १९९१ मध्येच राहत होता. मी जुन्या निकषांतही बसत होतो, तरी फाइल दोनदा परत आली. पहिल्यांदा झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट जोडला नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा ‘वजन घटवण्याच्या आधीच्या प्रयत्नांचे पुरावे’ हवेत म्हणून. त्या प्रयत्नांच्या पावत्या कोण जपून ठेवतो? जुन्या ईमेलमधून आहारतज्ज्ञांची बिलं आणि दोन जिमच्या पावत्या उकरून काढल्या. यात तेवीस दिवस गेले. तुम्ही या वाटेवर असाल तर आजपासूनच एक फोल्डर करा आणि वजनाची नोंद असलेला प्रत्येक कागद त्यात टाका.

तपासण्यांची यादी लांब होती: एंडोस्कोपी, सोनोग्राफी, हृदयाची तपासणी, रक्ताच्या डझनभर नळ्या. त्यातली मानसोपचारतज्ज्ञांची भेट मला निव्वळ औपचारिकता वाटली होती. बाईंनी पन्नास मिनिटं बरंच काही विचारलं. मध्येच म्हणाल्या, “जेवण झालं, हे तुम्हाला कशावरून कळतं?”

“ताट रिकामं झालं की.”

“आणि नाही झालं तर?”

“होतंच.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे फक्त पातळ आहार होता, यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून. मोठं यकृत जठरावर आडवं येतं आणि सर्जनला काम करायला जागा मिळत नाही. त्या चौदा दिवसांबद्दल एवढंच सांगतो की चौथा दिवस सर्वांत वाईट असतो आणि तो संपतो.

माझं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं होतं. सर्जननी संमतिपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं जठर काढलं, फुगलेल्या पिशवीसारखं, आणि त्यातून एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडचा सुमारे पाऊण भाग काढून टाकायचा. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. ती मापात राहावी म्हणून आत एक रबरी नळी ठेवून बाजूनं कापत जातात. माझ्या वेळी ती ३६ फ्रेंच मापाची होती, म्हणजे बारा मिलिमीटर, माझ्या करंगळीहून किंचित बारीक. ती करंगळी मी त्या दिवशी बराच वेळ बघत होतो.

पहिले दोन दिवस औषधाच्या टोपणातून तीस मिली पाणी, तेही पंधरा मिनिटांत घोट घोट करून. तेवढंही छातीच्या मधोमध अडखळत उतरायचं. डावा खांदा ठणकत होता. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं आणि चाललं की उतरतं, असं नर्सनं सांगितलं. खरंच उतरलं. भूक अजिबात नव्हती. ज्या माणसाचे सगळे दिवस पुढच्या जेवणाच्या हिशोबात गेले, त्याला घड्याळ बघून ‘आता प्यायला हवं’ असं स्वतःला सांगावं लागत होतं. जठराचा जो वरचा फुगीर भाग काढतात तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सर्वांत जास्त तयार होतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. माझं बरंचसं घ्रेलिन त्या दिवशी बादलीत गेलं होतं.

खरी गंमत दुसऱ्या आठवड्यात झाली. सूज थोडी उतरली, पातळ दही आणि गाळलेलं सूप सुरू झालं आणि ते सरसर खाली जाऊ लागलं. एका संध्याकाळी मी दीड वाटी सूप प्यायलो आणि काहीच झालं नाही. ना जडपणा, ना दाब. माझ्या पोटात भीतीनं गोळा आला. यांनी कापलंय ना नक्की? की मी पंधरा दिवसांतच फुगवून टाकलं? रात्री नऊ वाजता मी डाएटिशियन मॅडमना फोन केला.

त्या अजिबात दचकल्या नाहीत. “हा फोन मला प्रत्येक पेशंटकडून येतो,” म्हणाल्या. “पातळ पदार्थ नळीत थांबतच नाही, निसटून जातो. आतल्या जखमा भरतायत, नसा अजून जाग्यावर आलेल्या नाहीत. सध्या पोटाला काही विचारू नका. मापानं प्या, मापानं थांबा.”

हे आधी कोणी सांगितलं असतं तर एक रात्र सुखाची गेली असती. तेव्हा मी सांगून ठेवतो: पहिले तीन-चार आठवडे पोट भरल्याची खूण शोधू नका. ती नसते, किंवा असली तरी सुजेची असते. वाटी आणि चमचा यांच्यावरच भिस्त ठेवा.

तिसऱ्या आठवड्यापासून मऊ, वाटलेलं अन्न. एका वेळी दोन मोठे चमचे, वीस मिनिटांत. मॅडमनी एक वही करायला लावली: काय खाल्लं, किती, किती वेळात, आणि शेवटचा रकाना ‘का थांबलो’. तो रकाना मला बाळबोध वाटायचा. आज ती वही उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत त्या रकान्यात एकच उत्तर दिसतं. ‘वाटी संपली.’ ‘वाटी संपली.’ खाली नुसत्या टिंबटिंब खुणा. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, माणूस जुनाच होता.

आणि मग तो ३३ वा दिवस. मऊ घन पदार्थांना परवानगी मिळून चार दिवस झाले होते. मी घरून काम करत होतो, कानाला फोन आणि समोर आदल्या दिवशीचं गरम केलेलं चिकन. पुन्हा गरम केलेलं चिकन कोरडं पडतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. फोनवर कोणी तरी तारखा बदलत होतं, मी चिडून बोलत होतो आणि जुन्या वेगानं चावत होतो. ऑपरेशनआधी माझं दुपारचं जेवण नऊ मिनिटांत उरकायचं. सहाव्या घासानंतर छातीच्या हाडामागे कोणी अंगठा रोवल्यासारखं झालं. मग तोंडाला पाणी सुटलं, पण भुकेनं सुटतं तसं नव्हे. चिकट, दाट लाळ, थांबेचना. फोन तसाच ठेवून मी बेसिन गाठलं. ही नेहमीची उलटीही नव्हती. आधी नुसता पांढरा फेस आला, मग पुन्हा फेस, आणि चाळीस मिनिटांनी तो घास, जवळजवळ जसाच्या तसा.

घाबरलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, लाजही वाटली. बायकोला ‘जरा मळमळतंय’ एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शांतपणे विचारलं, “त्याच्या आधी काय झालं होतं?”

“काही नाही. एकदम अडकलं.”

“एकदम होत नाही. चौथा-पाचवा घास आठवा. उचकी? ढेकर? शिंक?”

मी नाही म्हणणार तोच आठवलं. नाक गळत होतं. मी शर्टाच्या बाहीला पुसलं होतं आणि पुढचे दोन घास घेतले होते.

“तीच तुमची खूण,” त्या म्हणाल्या. “लिहून ठेवा.”

मला हसू आलं. पंचेचाळीस वर्षं पोट भरलं की पोटच सांगायचं. बेंबीभोवती जडपणा, पट्टा एक भोक सैल करणं, मग सुस्ती. मी त्याच निरोपाची वाट बघत बसलो होतो आणि निरोप भलत्याच दारातून आला होता.

पुढच्या भेटीत सर्जननी कारण समजावलं. जुनं जठर अन्न आलं की सैल पडतं, जागा करून देतं. ते काम मुख्यतः वरच्या फुगीर भागाचं, आणि तोच आता नाही. उरलेली नळी ताठ असते, सैल पडत नाही, म्हणून दोन-चार घासांतच आतला दाब चढतो. तो दाब पोटात खाली जाणवत नाही, तर वर, छातीच्या हाडामागे. ताण पडला की व्हेगस मज्जातंतू मेंदूला कळवतो, आणि त्याच्या गडबडीत कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंका येतात. नळीच्या डोक्यावरच श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) असतं, ते चिडलं की उचकी लागते किंवा डाव्या खांद्यात कळ येते. शिवाय ताणाचा निरोप पोचायला वेळ लागतो आणि आतड्यातून येणारे तृप्तीचे संप्रेरक-संदेश त्याच्याही मागून येतात. मी नऊ मिनिटांत जेवत राहिलो असतो तर सगळे निरोप ताट धुऊन झाल्यावरच आले असते.

त्यानंतरचे दोन महिने मी स्वतःवर पाळत ठेवली. वहीतल्या शेवटच्या रकान्यात आता ‘नाक’ असं येऊ लागलं. सुरुवातीला मला तो मोठाच विजय वाटला. मग लक्षात आलं की नाक गळून थांबलो तरी पुढची पंधरा मिनिटं छाती आवळलेलीच असते. म्हणजे नाक ही धोक्याची घंटा होती, थांब्याची पाटी तिच्या आधी कुठे तरी होती. मॅडम म्हणाल्या, “मागे मागे जा. नाकाच्या आधीच्या घासाला काय होतं?”

तिथे एक उसासा सापडला. अगदी साधा, आपोआप सुटणारा, खांदे किंचित खाली येणारा. सातव्या-आठव्या आठवड्यात तो मला पकडता येऊ लागला. बायकोला तो माझ्याआधी ऐकू यायचा. ती मान वर न करता म्हणायची, “झालं तुझं.” आणि मला राग यायचा, कारण ताटात अजून अर्धं असायचं.

त्या उसाशाच्याही मागे अजून एक गोष्ट होती, ती कळायला चौथा महिना उजाडला. चव उतरते. पहिल्या घासाला अंडं जितकं छान लागतं, तितकं सातव्याला लागत नाही. पदार्थ तोच, मीठ तेच, पण त्यातला जीव गेलेला असतो. अन्नावरची वासना उडाली, असं म्हणतो ना आपण, तेच. आयुष्यभर मी ते फक्त तापात अनुभवलं होतं. ते रोजच, प्रत्येक जेवणात, अगदी हळूच घडतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ‘पोट भरलं’ हा शब्द माझ्या तोंडी होता, ‘भूक भागली’ हा नव्हता. आणि थांबायची जागा दुसऱ्या शब्दावर आहे.

माझ्या ओळखीच्या एका ताईंना चव-बिव काही कळत नाही, त्यांना सरळ तीन उचक्या लागतात. आणखी एकाला डाव्या खांद्यात कळ येते, कुणाला नुसता छोटा ढेकर. तेव्हा माझी खूण तुमची असेलच असं नाही. ती सापडायला मला ज्यांची मदत झाली त्या गोष्टी सांगतो. चमचा लहान घेतला आणि प्रत्येक घासानंतर खाली ठेवला. हातातच राहिला तर तो आपोआप भरतो. फोन दुसऱ्या खोलीत. प्रथिनं आधी, कारण दिवसाला ६० ते ८० ग्रॅमचं लक्ष्य आणि जागा मूठभर. कोरडं काही नाही, प्रत्येक पदार्थाला थोडा ओलावा हवाच. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. हा नियम मला छळ वाटायचा, पण एकदा मोडून बघितला आणि कळलं: पाण्यानं अन्न खाली ढकललं गेलं आणि नाक, उसासा, चव, सगळे गप्प बसले. सकाळी नळी जास्त आवळलेली असते, कामाच्या तणावाच्या दिवशी तर फारच. कालचं माप आज चालेलच असं नाही.

एक गंभीर सूचनाही इथेच देतो. कधीमधी घास अडकणं वेगळं. पाणीसुद्धा टिकत नसेल, उलट्या थांबत नसतील, ताप असेल किंवा बसल्या जागी नाडी १२० च्या वर धावत असेल, तर खुणा शोधत बसू नका, लगेच सर्जनना गाठा. सतत उलट्यांनी बी१ जीवनसत्त्व झपाट्यानं कमी होतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो.

पाचव्या महिन्यात मी घसरलो. माझ्या खुणांवर मला जरा जास्तच विश्वास बसला होता. एका संध्याकाळी काम करता करता बिस्किटांचा पुडा उघडला. एक, दोन, चार. चव उतरली नाही. उसासा नाही. नाक कोरडं ठणठणीत. पुडा संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम तोंडातच विरघळतात आणि सुपासारखीच निसटून जातात, नळीला ताण पडतच नाही. तीन आठवडे वजनाचा काटा हलला नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे परत गेलो. त्यांनी पहिल्या भेटीचा कागद काढला नाही, ते त्यांचे उपकार. फक्त विचारलं, “भूक होती का?” नव्हती. कंटाळा होता, आणि संध्याकाळी सहाची वेळ होती. ती भूक डोक्यातली. तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही, म्हणून ती कधी भागतही नाही. तेव्हापासून घरात पुडा येत नाही. संयमानं जमलं असतं तर मी ऑपरेशनपर्यंत पोचलोच नसतो.

खर्चाचं दोन ओळींत सांगतो, कारण हा भाग कोणी हिशोबात धरत नाही. ऑपरेशनचा आकडा सगळे विचारतात. पण बी१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यातल्या रक्ततपासण्या माझ्या विम्यात बसत नव्हत्या. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर लागतं, म्हणून फोनमध्ये गजर लावून ठेवलाय. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले आणि नंतर परत आले. दुसरा खर्च वेळेचा. नऊ मिनिटांच्या जागी पंचवीस. कचेरीत सहकारी जेवून उठून गेलेले असतात आणि मी अर्ध्या डब्यापाशी एकटा.

आईला हे सगळं पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. “एवढंच? अरे, आजारी पडशील,” हे रोजचं. समजावून थकलो, तेव्हा रक्ततपासणीचा रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावून साखरेचा आकडा दोनदा वाचला. त्यानंतर ती मला लहान ताटली देते, पण पहिला वाढा अजून तिच्याच हातचा असतो, म्हणजे मोठा.

नवव्या महिन्यात पुन्हा धाकधूक. भूक परतली आणि घास वाढले. नाक तर जवळपास थांबलंच. मी पुन्हा तोच फोन केला: पोट ताणलं गेलं का? सूज पूर्ण उतरली की नळी थोडी सैलावते, हे अपेक्षितच आहे, असं सर्जन म्हणाले. आता खुणा आधीइतक्या ठसठशीत राहणार नव्हत्या. मग वही पुन्हा काढली, लहान चमचा पुन्हा काढला आणि चवीवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. ती अजूनही उतरते, फक्त सातव्याऐवजी बाराव्या-तेराव्या घासाला.

वही मी आता रोज लिहीत नाही, महिन्यातून एक आठवडा लिहितो. गेल्या रविवारी ताई आणि तिची मुलं आली होती. संध्याकाळी दुपारच्या जेवणाची नोंद करायला बसलो. काय, किती, किती वेळ, सगळं भरलं आणि शेवटच्या रकान्यापाशी अडलो. उसासा आला होता का? आठवेना. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर आईनं माझी ताटली झाकून ठेवली होती, त्यात तीन-चार घास होते. मी परत येऊन लिहिलं: ‘गप्पा चालू होत्या. राहून गेलं.’